बारा वर्षांची मुदतठेव

‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ या इंग्रजी गाण्यात बारा भेटी आहेत. विलायत-अमेरिकेतल्या काही हौशी बाया त्या फेल्टवर भरून ख्रिसमसच्या झाडाला टांगतात, वर्षाला एकच! पहिल्या तितरापासून बाराव्या ढोलवाल्यापर्यंत अकरा वर्षं. फेल्ट विणलेलं नसतं, दाबून केलेलं असतं. काठाचे धागे सुटत नाहीत, एवढीच काय ती सवलत. बरं, मिरवायचं पंधरा दिवस. बाकी वर्षभर मुक्काम खोक्यात. बाजारात तयार डझन मिळत असताना हा उपद्‌व्याप कशाला? आमच्या बँकेच्या हिशेबात हे बसत नाही. पण तितर टांगताना कडेवर असलेलं पोर ढोलवाला स्वतःच्या हाताने टांगतं. तोवर घर असेल, माणसं असतील, हे सुई ओवणारीने गृहीतच धरलेलं! तारण नाही, हमी नाही. याला शहाणपण म्हणावं का? काहीही म्हणा, त्याच्याशिवाय पहिला टाका पडत नाही.