परत पाठविलेल्यांचे अश्रू

भावाला मूत्रपिंड देण्याचा निश्चय करून मनुष्य तपासणीला जातो. रक्तगट जुळतो, पण पुढे मधुमेह निघतो आणि डॉक्टर नकार देतात. भाऊ डायलिसिसवरच राहतो. 'अल्लाहने माझी कुर्बानी नाकारली काय?' हा प्रश्न मग त्या मनुष्याला रात्रंदिवस छळतो.

अशाने सूरह तौबाची ९२ वी आयत वाचावी. हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या मोहिमेसमयी काही निर्धन सहाबा प्रेषितांकडे (स.) वाहन मागण्यास आले. वाहने उरली नव्हती. ते रडत परतले. लक्षात घ्या, नकार खुद्द प्रेषितांच्या (स.) मुखातून आला होता! तरीही कुरआनने त्यांना निर्दोष ठरविले, त्यांच्या अश्रूंची नोंद घेतली. त्याच मोहिमेत प्रेषितांनी (स.) सोबत्यांना सांगितले की, अडचणीमुळे मदीनेत राहिलेले काही लोक वाटेतील प्रत्येक खोऱ्यात तुमच्याबरोबरच आहेत. हे कथन सहीह बुखारीत आहे.

शिवाय शरीर ही अल्लाहची अमानत आहे. एकाची हानी टाळण्यासाठी दुसऱ्याची तितकीच हानी करू नये, हा फिक्हचा नियम आहे. मधुमेहाने उरलेले मूत्रपिंडही निकामी झाले, तर एकाच घरात दोन रुग्ण होतील. डॉक्टरांचा नकार या नियमाला धरूनच आहे.

नातेवाइकांनी मात्र 'मनातून द्यायचेच नव्हते' असली कुजबुज करू नये. ती उघड बदगुमानी आहे. आणि ज्याला नकार मिळाला, त्याने आधी स्वतःच्या मधुमेहावर उपचार सुरू करावेत. भावाला आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास डायलिसिससाठी पडून राहावे लागते. तेथे त्याला सोबत हवीच असते.