दारातला शरणागत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांना मारबतीच्या हाकेने जाग येते. ईडा-पीडा, रोगराई, ढेकूण-डास सगळं घेऊन जा, असं ओरडत पोरं शिवेपर्यंत धावतात आणि त्यांच्यामागे गावातले कुत्रेही. शिवेवरून परतलेला कुत्रा ओसरीत बसतो, मागचा पाय उचलून कान खाजवतो. कानाच्या घडीत एरंडीच्या बीएवढा फुगलेला गोचीड असतो. मारबतीने त्याला नेलेलं नसतं.

घरातली आजी तो ओढून काढते आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकते. एक जीव वाचला, एक जीव गेला. दोन्ही एकाच हाताने घडलं, म्हणून हा प्रश्न धर्माचा आहे.

गोचीड दुष्टाव्याने रक्त पीत नाही. त्याला दुसरं अन्नच नाही. रानातला गोचीड गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट पाहतो. जवळून जाणाऱ्या जनावराचा श्वास आणि ऊब त्याला त्या पायांतल्या इंद्रियाने कळते. मोहफुलं वेचणाऱ्यांबरोबर जंगलात गेलेला कुत्रा असाच त्याच्या वाटेत येतो. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडाला तर जंगलही लागत नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते, हजारांवर अंडी घालते आणि मरते. तीही आईच. पण तिच्या जातीमुळे एर्लिचिया, बॅबेसिया यांसारखे जंतू कुत्र्याच्या रक्तात उतरतात. ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, रात्रभर अंगण राखणारं जनावर भाकरीकडेही पाहत नाही.

हा पेच या मातीला नवा नाही. भद्रावतीच्या परिसरात पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे आणि विजासनची बौद्ध लेणीही. जैन विचार जिवांची इंद्रियं मोजतो: ऊ-ढेकूण तीन इंद्रियांचे, कुत्रा पाच. म्हणून लहान जिवाला मारायची मोकळीक मिळते असं नाही. ठरवून, मारण्यासाठीच केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडावी, असं तो सांगतो. संरक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा वेगळी मोजतो, पण तिलाही हिंसाच म्हणतो. बुद्धाने कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिलं. आजीच्या मनात द्वेष होता की कुत्र्याची कळकळ, हे त्या दृष्टीने महत्त्वाचं ठरतं.

विदर्भात महानुभाव पंथाने अहिंसेचा आग्रह तेराव्या शतकापासून धरला. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात शिकाऱ्यांपासून पळालेला ससा पंथप्रवर्तक चक्रधरांच्या मांडीखाली आसरा घेतो आणि वाचतो. शरण आलेल्याला राखायचं, हा त्या लीळेचा गाभा. दारातला कुत्रा तर रोजचाच शरणागत. त्यातही ज्याला साखळीने बांधलं, त्याचं पाण्यात डुंबणं, मातीत लोळणं, जागा बदलणं माणसाने काढून घेतलं. आपला बचाव करण्याची त्याची साधनं ज्याने घेतली, बचावाची जबाबदारीही त्याचीच.

1935 साली गुजरातेत बोरसद तालुक्यात प्लेग पसरला आणि वल्लभभाई पटेलांनी सफाईची मोहीम उघडली. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. अहिंसा मानणाऱ्याने त्यांना मारावं का, हा प्रश्न गांधींपुढे आला. उंदीर-पिसवांचा जगण्याचा हक्क त्यांनी मान्य केला, तरी त्यांच्या नाशाला संमती दिली, आणि आपलं तत्त्व आपल्याला पूर्ण जगता येत नाही हेही कबूल केलं.

ती कबुली प्रामाणिक होती. पण बोरसदमध्ये मारण्याबरोबर झाडणंही चाललं होतं, ते विसरता येत नाही.

जैन घरांत ‘जयणा’ नावाचा आचार आहे. पाणी गाळायचं, खरकटं साचू द्यायचं नाही, ओल राहू द्यायची नाही. जीव उपजतील आणि मग मरतील अशी स्थितीच येऊ द्यायची नाही. गोचिडाच्या बाबतीत हाच विचार सगळ्यांत कमी हिंसेचा ठरतो. भेगा बुजवल्या, कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यातून काढलं, रानातून आल्यावर कान, काख आणि बोटांच्या बेचक्या चाचपल्या, तर एका मादीपाशीच गोष्ट थांबते. दुर्लक्ष केलं, तर पुढे हजारोंवर विष फवारावं लागतं.

आणि कळकळीलाही ज्ञानाची जोड लागते. गोचीड बोटांनी चिरडू नये, त्याच्या रसातून जंतू लागू शकतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. तंबाखूचं पाणी चोळलं तर त्यातलं निकोटिन कुत्र्यालाच बाधतं. कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावलं तर मांजर दगावू शकतं. गोठ्यातल्या फवाऱ्याचं औषध अंदाजाने कुत्र्याला चोपडणंही तसंच धोक्याचं. पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावराचं वजन सांगून औषध घ्यावं. जीव वाचवायला निघालेल्या हाताने जीव घेतला, तर हेतूची शुद्धता त्या मेलेल्या मांजराच्या उपयोगाची नसते.

दुपारपर्यंत मारबतीचा गलबला ओसरतो. पोरं जेवायला घरी येतात. आजी अंगणात माती कालवते, त्यात शेण घालते, आणि ओसरीच्या भिंतीतली लांब भेग बोटाने दाबून दाबून लिंपते. कुत्रा धुतलेल्या पोत्यावर पसरून तिच्याकडे बघत राहतो.