दुमडलेला हात

शास्त्रवाचन : याकोब 3:1-12



हिंदी व प्रशांत महासागरांच्या उथळ, उबदार पाण्यात मोररंगी मँटिस श्रिम्प नावाचा प्राणी राहतो. कोळंबीचा हा दूरचा भाऊबंद वीतभरही नसतो. प्रार्थनाकीटकाप्रमाणे पुढचे हात दुमडून तो बिळाच्या तोंडाशी बसतो, जणू प्रार्थनाच चालली आहे! पण खेकडा जवळ आला की तोच हात सोट्यासारखा बसतो.

2004 साली शीला पटेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तडाख्याचे अतिवेगवान चित्रण केले. वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत भरला. नुसत्या स्नायूंना हे साधणारे नाही. स्नायू आधीपासून आवळत राहतात, खोगिराच्या आकाराची एक कमान दबत जाते आणि खिटी तिला रोखून धरते. खिटी निसटली की संपले! त्या वेगाने पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात; ते फुटताच दुसरा तडाखा बसतो. पहिल्याचा नेम चुकला तरी या दुसऱ्याने भक्ष्य बधिर होऊ शकते.

आपल्या जिभेचेही असेच नाही काय? रविवारी आपण हात जोडून बसतो, पण मनात जुना राग दबत असतो. मग मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेबाचा एखादा प्रश्न निघतो आणि खिटी निसटते. शब्द एकच, पण बांधव घरी गेल्यावर रात्री तो पुन्हा लागतो. नेम असतो पाळकांवर किंवा वडिलांवर. बधिर होतात मागच्या बाकावरची तरुण मुले. पुढे ती येईनाशी होतात आणि आपण कारण शोधत राहतो.

याच प्राण्याची दुसरी रीतही पाहा. बिळासाठी स्वजातीयाशी झुंज लागली, तर तो अंग वळवून शेपटीचे जाड कवच पुढे करतो आणि तडाखे त्या ढालीवर झेलतो. मारक शस्त्र असूनही अशा झुंजीत सहसा जीव जात नाही. मुक्या जिवाला निर्माणकर्त्याने एवढे दिले, तर वधस्तंभाजवळ आलेल्या आपल्याला बंधूचा घाव सोसण्याची कृपा तो देणार नाही काय? पेत्राने तरवार चालवली. प्रभूने त्या दासाचा कान बरा केला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा धडा मुलांना जरूर सांगावा. आणि आपल्या शब्दामुळे ज्यांची जागा मंदिरात रिकामी आहे, त्यांच्या घरी आपण याच आठवड्यात जाऊ या. आधी क्षमा मागू, मग प्रार्थनेला हात जोडू. प्रभू आपल्याला साहाय्य करो. आमेन.