पॅरिश म्हणजे शेजार



‘आमच्या पॅरिशचा सण’, ‘आमच्या पॅरिशचे फादर’ असे आपण सहज म्हणतो. मराठीत या शब्दाला ‘धर्मग्राम’ असा सुंदर प्रतिशब्द आहे. त्यात गाव आहे, आपली माती आहे. परंतु ‘पॅरिश’ या शब्दाचे मूळ पाहिले की आपण अंतर्मुख होतो.

हा शब्द ग्रीक ‘पारोइकिया’पासून आला. ‘पारा’ म्हणजे शेजारी आणि ‘ओइकोस’ म्हणजे घर. ‘पारोइकोस’ म्हणजे शेजारी राहणारा, पण त्या नगरात नागरिकाचे हक्क नसलेला परका माणूस. सारा मरण पावली तेव्हा तिच्या दफनासाठी आब्राहामापाशी स्वतःची जमीन नव्हती. ‘मी तुमच्यामध्ये परका आहे’ असे सांगून त्याने हेब्रोनच्या लोकांकडे जागा मागितली (उत्पत्ती २३). बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथे हाच शब्द आहे. संत पेत्रानेही श्रद्धावंतांना हेच नाव दिले (१ पेत्र २:११). पुढे त्यांच्या समूहालाच ‘पारोइकिया’ म्हणू लागले. म्हणजे पॅरिश ही मुळात परक्यांची वस्ती!

आज वसईपासून मुंबईपर्यंत आपल्या गावांशेजारी इमारती उभ्या आहेत. तेथे मंगळूर, गोवा, केरळ, झारखंड येथून आलेली ख्रिस्ती कुटुंबे राहतात. रविवारी ती मागच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. आपण त्यांना ‘बाहेरचे’, ‘भाडेकरू’ म्हणतो. सणाच्या कमिटीत आपल्याला त्यांची आठवण होते का? वर्गणी मागताना मात्र होते!

१९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेनुसार, जो श्रद्धावंत एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत तीन महिने राहिला, तो तेथलाच होतो आणि तेथील प्रमुख धर्मगुरू त्याचेही धर्मगुरू होतात. घरमालकाचा करार अकरा महिन्यांचा असतो. ख्रिस्तसभेला तीन महिने पुरतात. मग आपल्याला किती पिढ्या लागतात?

संत पौल इफिसकरांना सांगतो की, आता आपण परके नाही, देवाच्या घरचे आहोत (इफिस २:१९). येथेही ‘पारोइकोस’ हाच शब्द आहे. हे घरपण आपल्याला सातबाऱ्यावरून मिळालेले नाही. ते ख्रिस्ताने दिले आहे. जे दान म्हणून मिळाले, ते इतरांना नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आज मिस्सेनंतर मागच्या बाकाकडे जाऊ या. नाव विचारू या, चहाला घरी बोलावू या. धर्मग्राम तेथूनच सुरू होतो.

प्रभू आपणां सर्वांना एका घरात राखो. आमेन.