सूत्रार्थ आणि वाक्यविचार

सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंचे वचन हे प्रथमतः बोललेले वाक्य आहे. ते कोणा एका भक्ताला, कोणा एका प्रसंगी, मराठी भाषेत निरूपिले गेले. पुढे केशिराजबासांनी लीळांतील वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला, तेव्हा वचन राहिले आणि प्रसंग बाजूस पडला. समोर बसलेल्या माणसाशी बोलताना त्याचे नाव घ्यावे लागत नाही. म्हणून पुष्कळ सूत्रांत कर्ता उच्चारलेला नसतो, कोठे क्रियापदही नसते. पाठ करणाऱ्याच्या मुखी अक्षरे पुरी असतात, वाक्य मात्र अपुरे असते. ते पुरे केल्यावाचून अर्थ लागत नाही, आणि भलत्या पदाने पुरे केले तर आचारच चुकतो.

पदांची रास म्हणजे वाक्य नव्हे. पदांतून वाक्यार्थ उमटण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ही तीन अंगे शास्त्रकारांनी सांगितली आहेत. 'साधकाने' एवढेच म्हटले तर 'काय करावे?' ही अपेक्षा उरते, ती आकांक्षा. 'दगडाने तहान भागवावी' यात पदे जुळली, पण अर्थ जुळत नाही; येथे योग्यता नाही. संनिधी म्हणजे पदांचे जवळ असणे. सूत्राच्या अभ्यासकाने सर्वांत जपावे ते या तिसऱ्या अंगाला. पाठात शेजारी आलेली दोन वचने मूळ प्रसंगीही शेजारी होतीच असे नाही. त्यांचा एक अन्वय लावणे म्हणजे दोन घरांची एक भिंत समजणे होय.

वाक्यात जे आधी ठाऊक आहे ते उद्देश्य आणि त्याविषयी जे नव्याने सांगितले जाते ते विधेय. 'तो साधक निःसंग आहे' या वाक्यात एका साधकाचे वर्णन झाले. 'निःसंग तो साधक' असे म्हटले की साधकाचे लक्षण झाले. पहिल्या वाक्यामुळे कोणावर काही बंधन येत नाही. दुसऱ्यामुळे साधक म्हणविणाऱ्या प्रत्येकावर येते. पदे बहुतेक तीच आहेत!

कारक आणि विभक्ती यांची गल्लत तर नित्याची आहे. क्रियेशी पदाचा जो संबंध तो कारक; कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान व अधिकरण अशी ही सहा. विभक्ती हे केवळ बाहेरचे रूप होय. 'शिष्याने लेखणीने पोथी लिहिली' येथे दोन पदांना '-ने' हा एकच प्रत्यय आहे. पण शिष्य कर्ता आहे आणि लेखणी करण आहे. क्रियापद तर दोघांनाही सोडून पोथीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मग कर्ता ओळखावा कसा? पाणिनीने क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र त्यास कर्ता म्हटले आहे. ही कसोटी नुसत्या व्याकरणाची राहत नाही. 'परमेश्वरकृपेने जीव उद्धरतो' या वाक्यात जीव कर्तृपदी बसला आहे. नवशिका तेवढ्यावरून उद्धाराचे कर्तृत्व जीवाकडे देतो. 'परमेश्वर जीवास उद्धरितो' असे वाक्य फिरविले की जीव कर्मस्थानी येतो आणि शास्त्रसिद्धान्त उघडा होतो. पहिले वाक्य खोटे नाही, परंतु प्रथमा विभक्ती पाहून स्वातंत्र्य गृहीत धरणे खोटे आहे.

'भिक्षा मागावी', 'एकांत सेवावा', 'स्मरण करावे' या विध्यर्थी वाक्यांत क्रियापदाचे रूप कर्माला अनुसरते आणि कर्ता गुप्त राहतो. विधी संन्यस्तासाठी की वासनिकासाठीही? 'मागावी' या रूपातून त्याचा निर्णय होत नाही. संन्याशाचा विधी गृहस्थाने अंगावर घेतला तर घर मोडते. गृहस्थाला दिलेली सवलत संन्याशाने घेतली तर व्रत मोडते. कर्त्याचा अध्याहार करावयाचा तो आपल्या सोयीने नव्हे, प्रकरणावरून करावयाचा. याचकरिता प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' पूर्वजांनी जपले. भीष्माचार्यांच्या 'पंचवार्तिका'स मराठी व्याकरणविचाराचा आद्य ग्रंथ मानतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण निघाले ते 1836 साली. त्याच्या कित्येक शतके आधी परमार्गात हा विचार सुरू झाला होता, याचे कारणही सूत्रार्थाच्या या गरजेतच शोधावे लागते.

निषेधवाक्यात अडचण आणखी सूक्ष्म होते. 'सर्वांनी तेथे जाऊ नये' याचा एक अर्थ असा की, कोणीही जाऊ नये. दुसरा असा की, सगळ्यांनी मिळून जाऊ नये, एखाद्याने जाण्यास हरकत नाही. 'नये' हे पद क्रियेला झाकते की 'सर्वांनी' या पदाला, हे लिहिलेल्या अक्षरांवरून कळत नाही. बोलणाऱ्याच्या आघातावरून ते कळले असते, पण पोथीत आघात उतरत नाही. अशा ठिकाणी लीळा उघडून कोण निघाले होते, किती जण होते आणि कोणास थांबविले, एवढे पाहावे लागते.