मागच्या बाकावरचे चौघे

चि. भाचीस,

तुझं पत्र मिळालं. शाळेचं सगळं मनापासून लिहिलं आहेस, पण एका वाक्यापाशी मी अडले: 'मागच्या बाकावरच्या चौघांच्या डोक्यात गणित शिरणारच नाही.' हे तू वर्गात बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी मुलांना ते कळतंच. पुढच्यांना आपण 'असं का झालं?' विचारतो, मागच्यांना नुसतं 'किती आले?'. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला वर्गांच्या ध्वनिफिती ऐकताना आढळलं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि ज्यांना कच्चं समजतात त्यांच्यासाठी त्याहूनही कमी. तीन सेकंद थांबल्यावर गप्प मुलंही बोलू लागली.

त्या चौघांतल्या एकाने ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिले म्हणतेस. वही पुन्हा बघ. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. दोन्ही घरांत त्याने मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे. म्हणजे त्याच्याजवळ नियम आहे, फक्त हातच्याशी त्याची गाठ पडलेली नाही. 'याला येत नाही' असं धरलंस तर फुली मारून मोकळी होशील. 'याने विचार केलाय' असं धरलंस तर काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवून म्हणशील, 'यातल्या सतरा मला दे.' गठ्ठा सोडायची वेळ त्याच्यावर आपोआप येईल.

आदिवासी मुलांबद्दलही असंच: त्यांना शिक्षणाची गोडीच नाही, असं मानणारे पुष्कळ होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणू तालुक्यात कोसबाडला गेल्या, तेव्हा त्यांना दिसलं की ही मुलं गुरं राखतात, धाकटी भावंडं सांभाळतात. त्यांनी कुरणावरच शाळा भरवली. मला ती कुरणशाळा फार मोठी वाटते, कारण दोष मुलांत शोधायचं त्यांनी आधी सोडलं होतं.

मुलांबद्दलची अशी मतं आपण डी.एड.ला शिकत नाही. स्वतः बाकावर बसलो ती वर्षं खोल मुरलेली असतात, वर शिक्षकखोलीतल्या गप्पा. म्हणून आठवडाभर टाचणवहीच्या मागच्या पानावर रोज लिही: आज कोणाला 'का?' विचारलं, कोणासाठी थांबले, कोणाचं उत्तर अर्ध्यात तोडलं. वाचताना त्रास होईल, तरी पान फाडू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये, दोघी मिळून बघू.

तुझी,
मावशी