गळाआधी नदी

काश्मीर-हिमाचलच्या थंडगार नद्यांत ट्राउट मासे धरणारे काही हौशी लोक गळाला गांडूळ लावत नाहीत. गळाच्या दांडीवर रेशमी दोरा गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेचं बारीक पीस फिरवून बांधायचं, की हुबेहूब माशी तयार! पण त्याआधी काठावर बसून पाहावं लागतं, आज या पाण्यावर कोणता कीटक उडतोय.

ट्राउट आपल्या कोमट पाण्यात जगत नाही. पण ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला महसीर मासा आपल्या कृष्णा खोऱ्याचाच. याच खोऱ्यात पंचगंगेच्या कासारी-कुंभी या उपनद्यांच्या वरच्या अंगाला पाण्यातला दगड उलटून पाहा. पाणी स्वच्छ असेल तर खाली अशाच उडत्या कीटकांच्या तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. घाण पाण्यात त्या टिकत नाहीत. त्या गेल्या, की माशांचं अन्नच जातं.

म्हणून ज्याला मासा हवा, त्यानं आधी नदी जपावी. पहिल्या पावसात चढणीला लागलेले, अंड्यांनी भरलेले मासे धरू नका. निर्माल्य कुंडातच टाका. पंचगंगा निर्मळ राहिली, तरच तिच्यात मासा राहील.